उभ्या गाडीचा वेग

उभ्या गाडीवर तुम्ही वेगाचा गुन्हा ठेवलात, साहेब. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली मालकिणीच्या पर्समध्ये आणि मालकीण समोरच्या दुकानात चहा पीत बसलेली. वारा सुटला, झाडाची फांदी मोडली आणि थेट बॉनेटवर आली. काच फुटली, रेडिएटर चेपला. आणि तुमच्या विमा कंपनीनं काय कळवलं? गाडीत न कळवता टर्बो बसवला, सबब भरपाई नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकली होती. इथं चोर वारा होता, आणि तुम्ही फाशी दिलीत एका पंख्याला.

पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी. कारण चूक मालकिणीकडूनही झाली होती, आणि ती तिनं कधी नाकारली नाही.

तिला सगळे ताई म्हणत. खालच्या बाजारातून वरच्या वसाहतीत ती सवारी नेई. गाडी जुनी, इंजिन लहान आणि चढ असा, की पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर गाडीला धाप लागायची. मग ताई आरशात बघून हुकूम सोडायची, “मागचे दोघं उतरा!” दोघं उतरायचे, वळण पायी चढायचे, पुढं जाऊन पुन्हा बसायचे. लोकांनी गाडीचं नावच ‘उतरागाडी’ पाडलं. एक निवृत्त पोस्टमन रोज म्हणायचा, “ताई, भाडं अर्धंच घे. अर्ध्या चढाला मी माझंच इंजिन वापरतो.”

ताई हसायची, पण आत कुठंतरी झोंबायचं. एक दिवस पायाला प्लास्टर घातलेली बाई मागं होती. बाकी सगळे उतरले, तरी गाडी हलेना. शेवटी ती बाई ओशाळून म्हणाली, “मी पण उतरू का?” ते एक वाक्य ताईला पुरलं. ती तशीच भावाच्या गॅरेजात गेली.

धाकटा भाऊ. एरवी ती त्याला बाळ्या म्हणे. चिडली की मिस्त्री. त्यानं टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो म्हणजे काही राक्षस नव्हे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, की इंजिनाला दम येतो. ताईनं विम्याच्या एजंटला रस्त्यातच गाठलं. “भाऊ, इंजिनात थोडं काम करून घेतेय. चालेल ना?”

एजंट स्कूटरवरून न उतरताच म्हणाला, “इंजिन तुमचं, मिस्त्री तुमचा. माझं काय जातंय?”

झालं. ताईनं त्यालाच परवानगी समजलं. थोडं काम म्हणजे टर्बो, हे तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. गाडीच्या नोंदणीत बदल चढवावा लागतो, हे दोघां भावंडांच्या गावीही नव्हतं.

आणि बाळ्याची एक खोड होती. आपला हात लागलाय हे दिसता कामा नये, ही त्याची शान. डेंट काढला की लोकांनी विचारावं, कुठं होता डेंट? टर्बो बसवल्यावर त्यानं नळ्या काळ्या रंगवल्या, कंपनीचं जुनं झाकण आतून तासून वर असं बसवलं, की इंजिन जसंच्या तसं. गाडी वळण सरसर चढली. पोस्टमन खिडकीला धरून बसला. “अगं ताई, उतरवायला विसरलीस की काय?”

काही महिने असे मजेत गेले. मग फांदी पडली.

कंपनीचा पाहणीवाला आला, त्यानं फोटो काढले, बॉनेट उचकटलं. फुटलेल्या झाकणाखाली त्याला चकचकीत टर्बो दिसला. “हे काय?”

त्या क्षणी बाळ्याला गप्प बसायचं सुचलं असतं तर तो बाळ्या कसला! छाती फुगवून म्हणतो, “ओळखू आलं नाही ना?”

पाहणीवाल्यानं मान डोलावली आणि अहवालात लिहिलं, ‘लपवलेला बदल’. कारागिराच्या शानीचं एका शब्दात कपट झालं. पॉलिसीही बंद करू, असं कंपनीनं वरून कळवलं. विमा नाही म्हणजे रस्ता नाही. आणि रस्ता नाही म्हणजे ताईनं घरी बसून भिंतीकडं बघायचं.

“ताई, काढून टाकतो,” बाळ्या पडेल आवाजात म्हणाला. “जुनं होतं तसं करतो. कुणाला पत्ता लागायचा नाही.”

“मिस्त्री! पत्ता लागू नये म्हणून केलंस, त्यानंच तर घात केला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“मग काय, पाटी लावू?”

“लाव! मोठी लाव.”

 मग त्यानं दुसऱ्या गाडीचा रेडिएटर आणि काच बसवली, बॉनेट ठोकून सरळ केलं आणि कातरी घेऊन त्या झाकणाला भलं मोठं भोक पाडलं. शेजारी आपल्या गॅरेजच्या नावाचा पत्रा रिबिटानं ठोकला. ठोकताना त्याचं तोंड दात उपटून घेतल्यासारखं झालं होतं.

गाडी चालवायची नाही म्हणून टोचन लावून नोंदणी कार्यालयाच्या तपासणी मैदानात नेली. निरीक्षक बाई होत्या. भोकातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “आधी बसवता, मग विचारायला येता. लग्न लावून मुलगी बघण्यासारखं झालं हे. दंड होईल.”

“करा,” ताई म्हणाली. “पण गाडी बघा.”

“टर्बो बसवलात, ब्रेक बदललेत का?”

बाळ्याचा चेहरा पडला. ब्रेक जुनेच होते. बाई फटकन म्हणाल्या, “चढायचा दम वाढवला, मग उतरताना कोण धरणार? वरची सवारी कधीतरी खालीही येते ना?”

ताईला हे टोचलं, कारण ते खरं होतं. कायदा नुसता अडवायला असतो, असं ती आजवर समजत आली होती. इथं कायद्यानं तिच्याच माणसांची काळजी तिच्या आधी केली होती. दोघं परत आली. बाळ्यानं मोठे ब्रेक घातले, मागच्या चाकांच्या ब्रेकचंही काम केलं, आणि हे सगळं उघड्यावर, आल्यागेल्याला दाखवत. पुन्हा तपासणी झाली. वाळूची पोती भरून बाईंनी गाडी चढावर नेली, उतारावर मध्येच ओरडल्या, “थांबवा!” गाडी जागच्या जागी उभी राहिली. धूर मोजला, तो हद्दीत निघाला. नोंदणीत टर्बो चढला.

जाता जाता बाई पत्र्याकडं बघून बाळ्याला म्हणाल्या, “काम चांगलं आहे. आता कुणी केलंय तेही कळतंय.” घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता.

नोंदणी बघून विमा कंपनीनं पॉलिसी चालू ठेवली, हप्ता वाढवला. ताईनं कुरकुर न करता मान्य केला. उतरागाडी चढावर पुन्हा लागली, आणि पोस्टमननं पहिल्याच दिवशी पुढची जागा पटकावली. त्याच दुपारी ताई विमा कंपनीत साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसली.

“ताई, पॉलिसी दिली ना आता? मागचं सोडून द्या,” साहेब म्हणाले.

“मागचंच तर राहिलंय, साहेब. कळवलं नाही ही माझी चूक. ब्रेक राहिले हीही आमचीच. टर्बोमुळं गाडी कुणावर आदळली असती, तर मी तोंड वर करून आले नसते. पण गाडी उभी होती.”

“नियम आहे.”

“असेल. पण म्हण अशी आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. तुम्ही निदान कावळ्यावर तरी आळ घ्यायचा होता!”

शेजारच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. साहेबही हसू दाबत होते. ते काही ताईच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी फाइल मागवली, फोटो उलटेपालटे करून पाहिले, बराच वेळ पाहिले. हँडब्रेक ओढलेला एका फोटोत स्पष्ट दिसत होता.

“हे परत वर पाठवायला लागेल,” ते हळूच म्हणाले.

“पाठवा की. पण सोबत माझा प्रश्नही पाठवा. आणि उत्तर तोंडी नको. तोंडी उत्तरावर एकदा भरवसा ठेवून बसलेय.” ताईनं पर्स मांडीवर घट्ट धरली आणि खुर्ची पुढं ओढली. “बंद इंजिनातला टर्बो फांदी कशी मोडतो, साहेब? लिहून सांगा.”