बोनेटवरची गोधडी

मी भुताखेताला भेनारा मानूस न्हाई, आदीच सांगून ठिवतो. मिरजगावला हायवेच्या कडंला माझं गॅरेज हाय, तीस वर्सं झाली. ज्या गाड्यांत मानसं मेली, त्या बी मीच नीट केल्यात, शिटांवरलं रगात धुऊन. पन आसारामच्या पोराच्या, करणच्या गाडीला दोन वर्सं मी हात लावला न्हवता. का, ते माझं मला ठावं न्हवतं. रस्त्यानं जाताना त्यांच्या वस्तीकडं बगायचं बी टाळायचो.

करण पंचवीस वर्सांचा. पुन्यावरनं त्यानं जुनी लाल गाडी आनल्याली, टर्बो पेट्रोल, वीस वर्सांपूर्वीची, पन पळायला लई जबर. पौषात पहाटं कर्जत रोडच्या वढ्यावर ती कठडा तोडून खाली गेली नि टपावर उलटी झाली. करण पान्यात तसाच अडकून पडला, उजाडल्यावर मानसांनी काडला. पंचनाम्यात भरधाव वेग लिवलं. गाव बी तेच म्हनलं, नि बाप तर गावाच्या वर. पोरगं मस्तीत मेलं, रेस दाबून मेलं, आसं आसाराम भर पारावर म्हनायचा. तेराव्याला बी त्यो पंगतीला बसला न्हाई.

आता त्यानं दुसरीकडनं टप ठोकून घेतला, इंजन चालू करून घेतलं, रंग मारला, काष्टीचं एक गिऱ्हाईक ठरवलं. शनिवारी गाडी न्यायची हुती. तर त्याची बायकू, केशरवहिनी आडवी आली. गाडी उभ्यानं चालू ठिवली की थरथरायची. वहिनीचं म्हननं, त्यो पान्यात पडलाय, त्याला हुडहुडी भरलीया, थंडी गेल्याबिगर मी लेकराला परक्याच्या दारात धाडनार न्हाई.

म्हनून आसाराम सोता गॅरेजला आला. थरथर तेवढी बंद कर, म्हनला, म्हंजी हिचं डोकं ताळ्यावर यील. मला न्हाई म्हनायला तोंड न्हवतं.

दुसऱ्या दिशी सकाळी धाला त्यांच्या वस्तीवर गेलो तर बोनेटवर गोधडी घातल्याली, कडंनं नीट खोचून. वहिनी पायरीवर बसल्याली. मी आपलं म्हनलं, वहिनी, जुनं इंजन हाय, भूत न्हाई.

"भूत कोन म्हनलं, भाऊजी?" ती म्हनली. "लेकरू हाय."

मी गोधडी काडली, घडी घालून तिच्या हातात दिली नि बोनेट उचाकलं. आसारामनं चावी मारली. आरसा, शिटं, स्टेरिंग, समदं हलाया लागलं. थंडीतापात येती तशी एक लाट यायची, जरा दम खायची, परत यायची. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पन रेस दिली की गप व्हायचं. हितंच मला कळाया पायजे हुतं.

मी वळीनं निघालो. एकेका प्लगची वायर सोडून बगितली. दर डावाला इंजन जास्तच अडखळलं, म्हंजी चारी प्लग कामाला हुते. इंजनाखालची रबरं लोखंडी पहार लावून हलवली, घट्ट निघाली. मंग ऱ्हायली हवा. इंजन कुठनं चोरून हवा वडत आसंल तर उभ्यानं आसंच करतं नि रेस दिली की लपवतं. साफसफाईचा स्प्रे घेतला नि नळीनळीवर जरा जरा मारत गेलो; चीर आसंल तिथं इंजन त्यो वडून घेतं नि घटकाभर सुदारतं. म्होरल्या जाड काळ्या नळीवर मारला नि थरथर थांबली. दोन शेकंद थांबली असंल. वहिनी उठून उभी ऱ्हायली.

नळी चाचपली तर बोटाला तार लागली. तारंत काळी चिंधी नि बिब्बा.

आता ह्ये सांगितलंच पायजे. खंडेनवमीला माझ्या गॅरेजात हत्यारांची पूजा आसती. त्या दिशी यील त्या गाडीला नजर लागू न्हाई म्हनून मी बिब्बा बांधतो. दुसरे दोऱ्यानं बांधत्यात, भाईर बंपरला. मी बोनेटच्या आत बांधतो, तारंनं, पक्कडीनं पीळ देऊन. लई तोऱ्यात सांगायचो, दोरा तुटंल, पन माझी तार सुटायची न्हाई. करणच्या गाडीत समदी झाकनंच झाकनं, तार आडकवाया जागा घावंना, ती नळी म्होरं दिसली.

तार सुटली न्हवतीच. हादऱ्यानं नळीत शिरत शिरत आरपार गेल्ती. नि ती नळी ब्रेकची हुती. इंजनाचं बळ ब्रेकला तिच्यातनंच मिळतं. मी आत बसलो नि चालू इंजनावर ब्रेक दाबून बगितला. दगड. दोन्ही पाय लावले तवा कुठं जरासा हलला.

त्या साली मार्गशीर्षात करणचा फोन आल्ता. काका, गाडी उभ्यानं हलतीया, ब्रेक बी जड लागतोय. माझ्या दारात कारखान्याच्या ट्रॅक्टरांची रांग. मी खेकसलो त्याच्यावर. जुनी गाडी हाय, हलनारच, सीझन संपल्यावर ये म्हनलं. बरं काका, म्हनला नि त्यानं फोन ठिवला. दोन वर्सं ह्या वस्तीकडं मी बगत न्हवतो, त्ये ह्याच्यापायी.

मी तार काडून खिशात घातली. नळीचा चिरल्याला शेंडा कापला, उरल्याली वडून बसवली, पट्टी आवळली. इंजन लोन्यावानी चालाया लागलं, आरसा सुदीक हलंना. वहिनीनं म्होरं यून दोन्ही हात गाडीवर ठिवले. लई येळ ठिवले.

"निजला," ती म्हनली.

चला, सुटलो, आसाराम म्हनला. मस्तीत मेला नि आमच्या गळ्यात ह्ये बांधून गेला. आता शनिवारी नेऊ दे.

गप बसलो आसतो तर कुनाला काय कळनार हुतं? गाडी काष्टीला गेली आसती, तार मी वढ्यात टाकली आसती. पन त्या मस्ती शब्दानं माझं काळीज फाटलं.

"आसाराम, पोराची चूक न्हाई," मी म्हनलं. "ब्रेक लागलाच नसंल. माझ्या तारंनं नळी कापली हुती."

खिशातली तार काडून मी त्याच्या हातावर ठिवली. फोनचं बी सांगितलं, मी काय बोललो त्यासकट. वहिनीनं पदर तोंडात कोंबला. आसारामनं हात घालून इंजन बंद केलं. मला वाटलं, आता पाना उचलून माझ्या टाळक्यात घालतोय. घातला आसता तर मी जागचा हललो नसतो.

त्यो दारातनं वाकून खाली पायाच्या जागंकडं बगत ऱ्हायला.

"त्याचा उजवा पाय नडगीत मोडला हुता," त्यो म्हनला. "डाक्टर म्हनला, अंगातलं समदं बळ त्या पायावर दिल्यालं दिसतंय. मला वाटलं, रेसवर दिलंय." मंग त्यानं खालच्या ब्रेकवर हात ठिवला. "दोन वर्सं मी त्या पायाला शिव्या घातल्या, गोरख."

मी उभाच हुतो, आता माझी शिवी येनार म्हनून. आली न्हाई. शनिवारी काष्टीचं गिऱ्हाईक आलं, आसारामनं गाडी द्यायला न्हाई म्हनलं नि त्ये मोकळंच परत गेलं, तवा बी मी तिथं जाऊन उभा ऱ्हायलो. आसारामनं मला बसाया खाट टाकली नि च्या पाजला.