हळदी गरग

बायकोच्या डोक्यावर पुन्हा केस उगवले, तर पुंडलिकचा दुहेरी लाभ होता. घरातली रडारड थांबणार होती आणि हुबळीच्या कमरीपेठेतल्या त्याच्या तेलाच्या दुकानाला चालतीबोलती जाहिरात मिळणार होती. कुसुमावतीला मात्र एकच हवं होतं. विषमज्वरात केस झडलेले, आणि मार्गशीर्षात कऱ्हाडला धाकट्या बहिणीचं लग्न. "अशा डोक्यानं मी मांडवात पाय ठेवायची नाही," तिनं सांगून टाकलं.

उणकलच्या तळ्याकाठी राहणाऱ्या सखूबाईला झाडपाल्याची जाण होती. पुंडलिक तिच्याकडे गेला. ती म्हणाली, "हळदी गरग तंदु, एण्ण्याग कुदसी हच्च्री."

साल १९५७. हुबळीत येऊन पुंडलिकला वर्षही झालं नव्हतं. कानडी वजनामापापुरतं, पण 'कळलं नाही' हा माल तो दुकानात ठेवत नसे. "हौदु, हौदु," म्हणत त्यानं होकाराची मान डोलवली. तेलात उकळून लावायचं, एवढं उमगलं. धारवाडपलीकडे गरग नावाचं गाव आहे, हेही ठाऊक होतं. म्हणजे गरगची हळद.

बस धरून तो गरगला गेला. तिथल्या दुकानदारानं पुडा बांधता बांधता सांगितलं, "हळद सांगलीची आहे, अण्णा." पुंडलिक मनात हसला. दुरून आलेलं गिऱ्हाईक पाहून हा गावचा माल लपवतोय.

आठ दिवस तेल चोळलं. कुसुमावतीचं डोकं पिवळं, कान पिवळे, उशी पिवळी. शेजारची अंबूताई म्हणाली, "बहिणीच्या आधी तुलाच हळद लागली की गं."

नवव्या दिवशी कुसुमावती स्वतः उणकलला गेली आणि सरळ मराठीत विचारलं. सखूबाई अळणावरकडची, तीही मराठीतच बोलली.

"मालक मान डोलवत होते, मला वाटलं समजलं. अक्का, हळदी म्हणजे पिवळा, गरग म्हणजे माका. पिवळा माका. तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात."

कुसुमावतीनं पाय उचलला. दबलेली फुलं हळूहळू वर आली. म्हशींनी तुडवावं, उन्हानं करपवावं, आणि या रोपानं जिथं पेर टेकेल तिथं नवं मूळ धरून पुन्हा पिवळं व्हावं, वर्षानुवर्षं हेच. तिला पहिल्यांदाच धीर आला.

माक्याचं तेल चोळता चोळता लग्नापर्यंत दोन बोटं केस आले. आजारातले केस आपोआपही येतात म्हणतात. मी माक्याच्या बाजूचा. कुसुमावती मांडवात उघड्या डोक्यानं वावरली. "आमच्या दुकानचं तेल," पुंडलिक पाहुण्यांना सांगत होता.

श्रेय त्यानं नेलं. पायांना चिखल्या झाल्या त्या दीड महिना माका कापणाऱ्या सखूबाईच्या. गल्लीचं हसू सोसलं कुसुमावतीनं. माक्याचा निम्मा काठ कापण्यात गेला, पण मंडळी कऱ्हाडहून परतेपर्यंत तो त्या रोपानंच भरूनही काढला होता.