'ड' जीवनसत्त्वाचे व्याख्याते

भालचंद्र केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सोडून मयूर विहारच्या सोसायटीत राहायला आले, आणि वर्षभरात आरोग्यतज्ज्ञ झाले. या दरम्यान त्यांनी काही शिक्षण घेतलं, असं त्यांच्या धाकट्या भावजयीला, विजयाला, कधी दिसलं नाही. फोनवर व्हिडिओ पाहायचे आणि जो सापडेल त्याला ते ऐकवायचे, एवढ्यावर त्यांचं सगळं भागत होतं.

विजया फरिदाबादच्या एका संशोधन संस्थेत होती. ड जीवनसत्त्व पेशीत शिरलं की पुढे काय काय घडतं, यात तिच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं गेली होती. त्यामुळे दिरांनी इतकी सगळी जीवनसत्त्वं सोडून नेमकं हेच निवडावं, याची तिला मनस्वी चीड होती. जेवताना त्यांचं सुरू झालं की ती ताटातली कोशिंबीर चिवडत बसे आणि मनातल्या मनात चुका मोजे. थोड्या वेळाने मोजायचंही सोडून देई.

जानेवारीत सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं. बाहेर धुरकट अंधार. आठवडाभर ऊन म्हणून पडलेलं नव्हतं. तिळगूळ वाटायच्या आधी भालचंद्रांनी माइक हातात घेतला.

"दिल्लीत ऊन नाही, म्हणून आपल्या हाडांत दम नाही," ते म्हणाले. "ड जीवनसत्त्व म्हणजे पेशीचं पेट्रोल. जितकं जास्त भराल तितकी गाडी पळेल. डॉक्टर थोडं थोडं देतात, कारण त्यांना पेशंट टिकवायचे असतात. बिल्कुल घाबरू नका."

बायका माना डोलवत होत्या. एकजण फोनवर टिपून घेत होती. ते पाहून विजयाला राहवेना.

"पेट्रोल नाही, भाऊजी," ती मागच्या खुर्चीवरून म्हणाली. "तो निरोप असतो. पेशीत एक प्रथिन त्याची वाट पाहत असतं. जीवनसत्त्व त्याला जाऊन चिकटतं, ती जोडी पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसते आणि ठरावीक जनुकं सुरू करते. मग आतड्याची पेशी जास्त कॅल्शियम ओढून घेते. एकच निरोप शंभरदा पोचवलात तर कॅल्शियम नको तितकं येत राहील. गाडी पळणार नाही, बुडेल."

"अच्छा," भालचंद्र हसले. "आमच्या विजयाने जन्मभर उंदरांच्या आतड्यांत डोकं घातलंय. तिला माणसं कुठून दिसणार?"

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. तेवढी विजयाला पुरली.

"माझं जाऊ द्या," ती म्हणाली. "तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा, की 'ड'च्या पुढचं अक्षर 'ढ' असतं."

आता मात्र सगळा हॉल हसला. फोनवर टिपून घेणारी बाईसुद्धा. भालचंद्रांच्या हातातला माइक खाली आला. त्यांच्या बायकोने, नीलाने, हातातलं तिळगुळाचं तबक उगाचच एका टेबलावरून उचलून दुसऱ्यावर ठेवलं. घरी परतताना विजयाच्या नवऱ्याने, शशिकांतने, "जरा जास्त झालं," असं म्हटलं. विजयाला ते मुळीच जास्त वाटलं नाही. मूर्खपणाला मूर्खपणा म्हणायला कुणाची परवानगी लागते, असं तिने त्याला विचारलं.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणंजाणं थांबलं.

होळी उलटून गेल्यावर एका सकाळी नीलाचा फोन आला. "यांचं काही खरं दिसत नाही. जरा येतेस का?"

विजया आणि शशिकांत पोचले तेव्हा भालचंद्र सोफ्यावर मान टाकून बसले होते. शेजारी पाण्याचा जग. सतत तहान, सतत लघवी, पोट साफ नाही, जेवण उतरत नाही. विजयाकडे पाहून त्यांनी तिला मुलीच्या नावाने हाक मारली, "तेजश्री, फाइल आण." तेजश्री पानिपतला होती आणि फाइल कुठलीच नव्हती. शेजाऱ्यांच्या यंत्रावर साखर तपासली होती, ती ठीक निघाली होती. एक सबंध वाक्य बोलायचं त्राण या माणसात उरलेलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असं विजयाच्या मनात आलं, आणि एवढं होऊनही तिला त्यांची कीव यायला वेळ लागला.

"औषधं कोणती चालू आहेत?" तिने विचारलं.

"फक्त बीपीची," नीला म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

हॉस्पिटलात रक्ताचे रिपोर्ट आले. डॉक्टर अक्षया म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने सांगितलं की रक्तातलं कॅल्शियम भयंकर वाढलंय आणि किडन्यांवर ताण आलाय. ती आणखी काही सांगत होती, पण विजयाला पुढचं ऐकायची गरज उरली नव्हती. ती नीलाला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

"वहिनी, भाऊजी ड जीवनसत्त्व किती घेत होते?"

नीला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत, लावत राहिली. मग म्हणाली, "इंजेक्शनं. मार्केटमधला तो क्लिनिकवाला देतो. लोक वर्षातून एखाददुसरं घेतात म्हणे. हे दर आठवड्याला घ्यायचे. हॉलमधल्या त्या दिवसानंतर तर हट्टालाच पेटले."

"आणि तुम्ही सकाळी मला बीपीची गोळी सांगितलीत?"

"विजयाला कळता कामा नये, असं बजावलं होतं त्यांनी. आणि मलाही नको होतं तुला सांगायला." तिने मान वर केली. "तू हसली असतीस."

विजयाने आत जाऊन अक्षयाला इंजेक्शनांचं सांगितलं आणि परत बाकावर येऊन बसली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिने आपल्या विषयाचाच आधार घेतला. जीवनसत्त्व शरीरात तयार होता होता यकृतातून जातं, मग किडनीतून, आणि मग कुठे त्याचं खरं काम करणारं रूप हाती येतं. एरवी किडनी ते मोजूनमापून बनवते. पण कच्चा मालच इतका साठला, की तोही पेशीतल्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटायला लागला.

"मग पेशीला पुरे म्हणता येत नाही?" नीलाने विचारलं.

विजयाने तिच्याकडे पाहिलं. पीएचडीची मुलं हा प्रश्न विचारायला वर्ष घेतात. "येतं," ती म्हणाली. "त्याच निरोपाने आणखी एक जनुक सुरू होतं. त्यातून बनणारं एन्झाइम जीवनसत्त्वालाच मोडून टाकतं. पण मोडणाऱ्यापेक्षा ओतणाराच जोरात असला, तर काय करणार?"

नीलाने बाटली तोंडाला लावून संपवली आणि ती पुन्हा भरून आणायला उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. सकाळी आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. विजयाला ते आत्ता दिसलं.

"वहिनी, तुम्हाला केव्हापासून इतकी तहान लागतेय?"

"दहा-पंधरा दिवस झाले असतील."

"तुम्हीपण घेतलीत इंजेक्शनं?"

"हे म्हणाले, जोडीने घेऊ. त्यांच्याइतकी नाही, पण घेतली." नीला शांतपणे म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही ना."

तिचंही कॅल्शियम वाढलेलं निघालं, नवऱ्याइतकं नाही. बायकांच्या वॉर्डात तिला सलाइन लागलं. पानिपतहून तेजश्री आली आणि दोन वॉर्डांच्या मधे फेऱ्या मारू लागली.

भालचंद्रांची शुद्ध पूर्ण ताळ्यावर यायला दिवस गेले. किडन्या पूर्वीसारख्या होणार नाहीत, असं अक्षयाने त्यांना समोर बसून समजावलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, की इंजेक्शनाचा माल भेसळीचा असणार, मूळ सिद्धांत बरोबरच आहे. विजया पडद्याआड उभी होती. तिला संताप आला नाही. पायाला लागलेला चिखल पाहावा, तसं वाटलं. ती त्यांना न भेटताच नीलाकडे गेली.

"भाऊजींनी व्याख्यान सुरू केलंय," ती म्हणाली. "म्हणजे बरे झाले. अक्कल तेवढी यायची राहिली."

नीला हसली नाही. "ते मूर्ख आहेत, हे मला लग्नापासून ठाऊक आहे, विजया. त्यांना सांभाळत आले मी. पण तू तर शहाणी. हॉलमध्ये सगळे हसले, तेव्हा मी कुठे होते ते पाहिलंस तू?"

विजया सलाइनच्या बाटलीकडे पाहू लागली.

"नंतर घरी येऊन मला एकटीला जरी समजावलं असतंस, तरी मी ऐकलं असतं. त्या दिवशी बाकावर सगळं कळलंच ना मला? पण तुम्हा दोघांनाही मी म्हणजे चहा करणारी. त्यांनी मला सुई टोचली, तू काही विचारलं नाहीस. मला दोन्ही सारखंच."

विजयाला उत्तर द्यायचं होतं. आपण बरोबर होतो, हे तर नीलाही नाकारत नव्हती. त्या बरोबर असण्याचा वापर आपण कुठे केला, ते आठवताना तिला हॉलमधलं हसू तेवढं ऐकू आलं.

नीलाला आधी घरी सोडलं. ती मयूर विहारला एका रात्रीपुरतीच राहिली, बॅग भरली आणि पानिपतला लेकीकडे जायचं ठरवलं. बाबांचं काय, असं तेजश्रीने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "स्वयंपाकाला बाई आहे आणि ऐकायला सोसायटी आहे."

स्टेशनवर विजया तिला गाडीने सोडायला गेली. निजामुद्दीन पुलावर ट्रॅफिक तुंबला होता.

"हे अंगातून जायला किती वेळ लागेल?" नीलाने विचारलं.

"चरबीत साठून राहतं ते. हळूहळू उतरेल. काही महिने तरी धरा. मधूनमधून रक्त तपासायचं, आणि उन्हात फार बसायचं नाही."

"उन्हात का नाही?"

विजयाने सांगितलं. त्वचेपासून सुरुवात करून, सावकाश, नीला मधे मधे अडवत होती तिथे थांबून. ट्रॅफिक सुटला तरी तिचं सांगणं चालूच होतं.