बघायला येणार आहेत

सगुणाबाईंचा उजवा हात मोकळा असला की थरथरायचा आणि कामाला लागला की थांबायचा. अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, सेकंदाला साधारण चार वेळा. तृप्तीने एकदा घड्याळ लावून मोजले होते. आत्ता तो हात विळीवर कांदा चिरत होता आणि पूर्ण स्थिर होता. फोडी एकसारख्या पडत होत्या.

"आत्या, पोहे कशाला? चहा पुरे झाला असता."

"बघायला आलेल्या मानसाला नुसत्या च्यावर लावून देतात का? येडी." सगुणाबाईंनी मान न वळवता आतल्या खोलीकडे कोपर केले. "पलंगावर लुगडं काढून ठिवलंय, हिरवं. ते नेस. अन् हातातलं ते घड्याळ काढ. मास्तरीन दिसती त्यानं."

"मी मास्तरीणच आहे."

"ते त्यांना मागून कळंल."

तृप्ती चौकटीला टेकून उभी राहिली. काल जेवताना ती एवढेच म्हणाली होती, "उद्या सकाळी बघायला येणार आहेत." कोण, कुणाला, हे आत्याने विचारले नव्हते. हातातला घास तसाच धरून ती म्हणाली, "बरं झालं माय," आणि जेवण अर्धे टाकून पेटीतले कपडे उपसायला गेली. तृप्तीला तेव्हा हलके वाटले होते. आपण सांगितले आणि तिने ऐकून घेतले, असे वाटले होते.

"आत्या, ऐक. त्या बाई..."

"अगुदर नेस. साडेनऊ झाले असतील."

पावणेदहा झाले होते. तृप्ती आत गेली. पलंगावर हिरवी इरकली घडी घालून ठेवली होती, शेजारी पावडरचा डबा. ती काही वेळ दोन्हींकडे पाहत उभी राहिली आणि मग, का ते तिला नीट सांगता आले नसते, ती साडी नेसली.

सगुणाबाई बाविसाव्या वर्षी विधवा होऊन हसनाबादला भावाच्या घरी परत आल्या, त्याला आता छपन्न वर्षे झाली होती. तृप्तीची आई गेली तेव्हा तृप्ती सहा वर्षांची आणि कल्याण तीन वर्षांचा होता. दोघांना त्यांनीच वाढवले. पुढे तृप्तीला अंबडच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा भावाच्या घरातून एक पेटी आणि एक पाटा घेऊन त्या तिच्यामागे आल्या. कल्याण पुण्याला गेला, लग्न करून स्थिरावला. इथे दोघीच राहिल्या.

गेल्या वर्षभरात तीन गोष्टी झाल्या. दूध गॅसवर ठेवून आत्या शेजारी जाऊन बसली आणि परतीची वाट विसरली. एकदा ती हसनाबादला जायचे म्हणून भोकरदनच्या गाडीत जाऊन बसली. ओळखीच्या कंडक्टरने खाली उतरवून घेतले. आणि भाद्रपदात ती न्हाणीघरात पडली. अकराच्या सुमारास पडली असावी. तृप्ती कॉलेजातून आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यानंतर दिवसभर सोबतीला ठेवलेल्या साळूबाई दिवाळीनंतर लेकीकडे राहायला गेल्या, मग दुसरे कुणी टिकले नाही. तृप्तीने वृद्धाश्रमाची तीन ठिकाणे पाहिली. एक मंगल कार्यालयाचे घर केलेले, एका दालनात वीस खाटा. एक संभाजीनगरला, तिच्या पगाराच्या बाहेरचे. तिसरे जालन्यात, दोघींत एक खोली, भिंतीला धरायला दांड्या, रात्री जागी असणारी बाई. कल्याण निम्मे द्यायला तयार होता. त्या संस्थेची एकच अट होती: येणाऱ्या माणसाने स्वतः होकार द्यायचा. संस्थेची बाई घरी येऊन बघणार, बोलणार, मग ठरणार. तृप्ती पाच महिने आत्याशी हे बोलू पाहत होती.

कडी वाजली.

संस्थेकडून आलेल्या बेबीनंदा सिस्टर पन्नाशीच्या होत्या. वीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या, साडीखाली पांढरे बूट, काखेत फाइल. सगुणाबाई पदर डोक्यावर घेऊन दारात आल्या.

"या, या. एकट्याच आल्या? संगं कुनी न्हाई?"

"मी एकटीच येते आजी. आधी मी बघते, मग बाकीचे."

"हे बराबर. आधी बाईनंच बघावं. गड्याला काय कळतं?"

बेबीनंदा हसल्या. तृप्तीने पाणी आणले. सगुणाबाईंनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तिला समोरच्या खुर्चीवर, उजेडात बसवले.

फाइल उघडली गेली. "नाव काय आजी?"

"माझं सगुणाबाई. पोरीचं तृप्ती. शाळेत तिप्पाबाई म्हनायचे, मी भांडून आल्ते मास्तरासंगं."

"बरं. आणि वय?"

"एकोनतीस. आता तिसावं लागंल."

पेन थांबले. बेबीनंदांनी तृप्तीकडे पाहिले. तृप्ती जमिनीवरच्या फरशांच्या रेषा पाहत होती. ती त्रेचाळीस वर्षांची होती. आत्या स्थळासाठी वय चोरत होती की तिच्या डोक्यात आता खरोखरच एकोणतीस होते, हे ओळखायची काही रीत नव्हती.

"आज वार कोणता आहे, आजी?"

"तुमी आल्या तो वार चांगला."

"सकाळी काय खाल्लं?"

"पाव्हन्याच्या आधी खायची रीत हाय का तुमच्यात? आमच्यात न्हाई."

बेबीनंदांनी काहीतरी लिहिले. पोहे आले. त्यांत मीठ दोनदा पडले होते. बेबीनंदांनी पहिला घास घेतला, पाणी प्यायल्या आणि दुसरा घास घेतला.

"रात्री उठावं लागतं का? न्हाणीत कुणाचा हात धरावा लागतो?"

"कुनाचा हात?" सगुणाबाई ताठ बसल्या. "हे बघा ताई, एक गोष्ट साफ सांगते. लोक म्हनत असतील, पोरीच्या मागं म्हातारीचं लचांड हाय. तसं बिलकुल न्हाई. माझ्यापायी कुनाला काय करावं लागत न्हाई. भाजी मी आनते, दळन मी आनते, गॅस मीच लावते."

गॅसचे बटण दोन महिन्यांपासून तृप्तीच्या पर्समध्ये असायचे. आज पोह्यांसाठी तिनेच ते लावून दिले होते. ती खुर्चीत पुढे सरकली आणि पुन्हा मागे टेकली.

बेबीनंदांनी तिच्याकडे वाकून आवाज खाली केला. "मधल्या गटात बसतील. थोडी मदत लागणारे. महिना बावीस हजार, बोलले होते ना मी."

आत्याच्या कानाला अजून काही झालेले नव्हते. "बावीस? बरे हायेत. नोकरी पक्की हाय ना?"

"कुणाची, आजी?"

"पोराची."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. बेबीनंदांनी बशी खाली ठेवली, हिरव्या साडीकडे पाहिले, पोह्यांकडे पाहिले.

शांततेचा अर्थ सगुणाबाईंनी आपल्या परीने लावला. "खर्च्याचं मनात असंल तर बोला. लाजू नका. हसनाबादला माझ्या नावचं दीड एकर हाय, रस्त्याला लागून. ते इकू. निम्मा खर्चा आमचा, निम्मा तुमचा. अन् माझी फिकीर करू नका. हिचं झालं की मला ठिवा कुठंबी. दोन टाइम भाकर मिळाली म्हंजे झालं. मी कुरकुर करनारी बाई न्हाई, इचारा हिला."

"कुठंही राहाल, आजी?" बेबीनंदांनी सावकाश विचारले.

"राहीन की. आमच्याकडून होकार हाय. आता तुमी तुमचं बोला. इहीनबाई अजून म्हनत न्हाई मी, पर जिभेवर आलंय."

तृप्तीचा फोन वाजला. कल्याण. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"काय झालं ताई? आल्या का त्या?"

"आल्यात. आत्याला वाटतंय, मला बघायला आल्यात."

कल्याण हसला आणि लगेच थांबला. "आणि?"

"हो म्हणाली. कुठंही राहीन म्हणाली. जमीन विकू म्हणाली."

"मग झालं की! लिहून घ्यायला सांग त्यांना."

"कल्याण, तिनं माझ्या लग्नाला होकार दिलाय."

"ताई, तिला उद्या यातलं काय आठवणारे? तू आता सगळं उलगडून सांगशील, ती रडेल, तू रडशील, आणि पुढचे पाच महिने जातील. तोवर ती पुन्हा पडली तर?" त्याचा आवाज मऊ झाला. "मी तुझ्यासाठीच बोलून राह्यलो."

त्याच्या तोंडी गावाकडचे ते 'राह्यलो' बऱ्याच दिवसांनी आले. तृप्तीने फोन ठेवला. मागे बेबीनंदा रिकामी बशी घेऊन उभ्या होत्या. खारट पोहे त्यांनी संपवले होते.

"मॅडम, आजींना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"बघायला येणार आहेत, एवढंच."

"मंग त्यांचं बराबर आहे. आपल्यात बघायला कुणाला येतात?" त्यांनी बशी मोरीत ठेवली, नळ सोडून स्वतःच विसळली. "आमची अट तुम्हाला माहीत आहे. तसं बघितलं तर हो म्हणाल्यात त्या. राहायला हो, खर्चाला हो. मी समोर होते, ऐकलं मी. लिहू का?"

तृप्तीने त्या प्रश्नात टोमणा शोधला. तो नव्हता. बाई खरेच विचारत होत्या.

उत्तर बरोबर होते; प्रश्न दुसराच होता. उत्तरपत्रिकेत असे काही आले असते तर तिने लाल रेघ मारून शून्य दिले असते आणि तिला त्याचे काहीच वाटले नसते. पण 'मला ठिवा कुठंबी' हे म्हणताना आत्या नेमकी कुणाकडे पाहत होती, बेबीनंदांकडे की तिच्याकडे? तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. दर वेळी निराळे दिसले. आत्याला काहीच समजले नसेल. किंवा सगळे समजले असेल आणि तिने तृप्तीसाठी रस्ता मोकळा करून दिला असेल. किंवा अर्धे अर्धे असेल, दुधात पाणी मिसळल्यासारखे, जे आता कुठल्याच गाळणीने वेगळे व्हायचे नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली.

बाहेर सगुणाबाई खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. तृप्ती येताच त्यांनी तिला हाताने जवळ ओढले आणि तिच्या कानाशी तोंड नेले.

"काय म्हनत होत्या आत? पसंत पडली का? घड्याळ कामून न्हाई काढलं? सांगितलं होतं ना तुला."

"आत्या."

"अन् पोराचं वय जास्त असंल तर न्हाई म्हनू नको. आता लई निवडायची येळ न्हाई. मी काय जनमभर पुरनारे का तुला?"

तृप्ती खुर्चीसमोर फरशीवर बसली. हिरव्या साडीच्या निऱ्या गुडघ्याखाली चुरगळल्या. बेबीनंदा आतल्या दारात थांबल्या. फाइल त्यांनी बंद करून धरली होती.

पाच महिन्यांत तृप्तीने पुष्कळ वाक्ये तयार केली होती. सोय बघावी लागेल. काहीतरी करायला हवे. बघायला येणार आहेत. त्यांतल्या एकातही करणारा नव्हता. मुलांकडून प्रयोगवहीत ती असेच लिहून घ्यायची: द्रावण तापवण्यात आले, तापमान नोंदवण्यात आले. कुणी तापवले ते लिहायचे नाही.

"बोल की," सगुणाबाई म्हणाल्या. "न्हाई म्हनल्या का?"

"त्या मला बघायला नाही आल्या, आत्या. तुला बघायला आल्यात." तिने खाली पाहिले नाही. "एक तारखेपासून मी तुला जालन्याला त्यांच्याकडे ठेवणार आहे. मी ठरवलंय."