तेजोनाथ जेवायला बसले तेव्हा

लाईन गेली आणि केनवडच्या बाजारचौकात एकच जल्लोष झाला.

एरवी लाईन गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारं हे गाव. पण त्या आठवड्यात लोक संध्याकाळी सतरंज्या घेऊन चौकात येत आणि लाईन कधी जाते याची वाट पाहत बसत. कारण चौकात तेजोनाथ महाराजांचा ‘चलता आश्रम’ उभा होता. बसएवढी गाडी, आत पलंग, ओटा, न्हाणीघर, एसी, आणि गाडीच्या कपाळावर काचेची भली मोठी ज्योत. लाईन गेली की ज्योतही विझायची. मग ढोलकी-झांजांचा कडकडाट सुरू व्हायचा आणि महाराज पायरीवर उभे राहून दोन्ही हात वर करायचे.

“ये तेजा, ये! सूर्याच्या पोटातल्या, माझ्या ओठातल्या तेजा, ये! तिमिरा सर, तेजा उतर!”

आणि ज्योत पेटायची. सगळं गाव अंधारात आणि तेवढी एक ज्योत उजेडात.

“पाहा!” महाराज गरजायचे. “सरकारी लाईन गेली, माझी थेट वरून येते! ज्यानं काचेत उजेड आणला तो तुमच्या डोळ्यांत, तुमच्या रक्तात आणणार नाही? पण लेकरांनो, औषध म्हणजे अविश्वास. जिथं अविश्वास तिथं तेज पाऊल ठेवत नाही!”

त्यासाठी पायरीपाशी एक टोपली ठेवलेली होती. लोक रांगेनं येऊन तिच्यात आपापला अविश्वास टाकत. कुणी साखरेच्या गोळ्या, कुणी बीपीच्या.

गर्दीच्या मागं वैजयंती हाताची घडी घालून उभी असे. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हे सगळं पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण नेमकं काय खटकतं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. आणि चौथ्या दिवशी घरच्या कोनाड्यातली थेंबांची बाटली दिसेनाशी झाली.

“आई, बाटली कुठं आहे?”

“महाराजाच्या टोपल्यात टाकली म्या,” गोजराबाई, तिची सासू, शांतपणे म्हणाली. “किती वर्सं टाकू वं ते थेंब? नजर वाढली का त्यायच्यानं? तो बापा अंधारातून उजेड काढून राह्यला, माह्या डोयात नाई काढनार?”

म्हातारीला काचबिंदू होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली मात्र या थेंबांनीच राखायची आहे.

“आई, थेंबांनी नजर वाढत नाही, टिकते! ते बंद केले तर आहे तेवढंही जाईल.”

“तू मास्तरीन हायस. तुले देवातबी खोटच दिसते.”

“राहू दे ना वं,” वैजयंतीचा नवरा जानराव म्हणाला. तो बायकोइतकाच आईला जपणारा, पण महाराजांपुढं विरघळलेला. “चार दिवसानं काय बिघडते? श्रद्धा हाय तिची.”

“श्रद्धेनं डोयातला दाब उतरते का हो?” वैजयंती अशी ताडकन बोलली की शेजारच्यांनीही ऐकलं. तिथंच तिचं चुकलं. म्हातारी हट्टाला पेटली. तिनं घरात आणलेली नवी बाटलीही उघडू दिली नाही आणि रोज पहिल्या रांगेत जाऊन बसू लागली.

मग वैजयंतीनं भांडण सोडलं आणि डोळे उघडे ठेवले. शाळा सुटल्यावर ती भरदिवसा गाडीभोवती फिरली. गाडीतून एक जाड वायर निघून खेमचंद शेठच्या दुकानात गेली होती.

“यांची लाईन तर वरून येते, मग ही कशाला?” तिनं ड्रायव्हर हरीओमला विचारलं.

“ते... एसीसाठी हाय, ताई,” म्हणत तो टायर पुसायला लागला. टायर स्वच्छच होतं.

आणखी एक. धुपाटणं देवापुढं असावं, ते इथं गाडीच्या मागच्या बाजूला, खाली ठेवलेलं. धुपाच्या वासाखाली दुसराच एक वास तिच्या नाकाला लागला. डिझेलचा. आणि ढोलकीवाले! लाईन असताना ते बिड्या ओढत बसत, लाईन गेली की असे तुटून पडत की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. त्या गलक्याखाली काहीतरी झाकलं जात होतं, एवढं तिला पक्कं कळलं. पण ढोलकी थांबवायची कशी?

ती वाट शेठच्या बायकोनं, सुंदरबाईनं दाखवली, तीही नकळत.

“महाराज उद्या आमच्याकडे जेवायला आहेत,” ती म्हणाली. “यांनीच आमंत्रण दिलं. पण मी सांगून ठेवलंय, दिवस मावळायच्या आत बसायचं. आमच्या घरी दिवेलागणीनंतर ताट वाढत नाहीत, मग महाराज असोत की माझा सख्खा भाऊ.”

वैजयंती थबकली. दिवस मावळायच्या आत. म्हणजे ढोलकीवाले यायच्याही आधी.

“वहिनी, एक कराल? ते जेवायला बसले की त्यांची वायर दुकानातून काढून टाकाल?”

“अगं बाई! पाप नाही ना लागायचं?”

“तेज वरून येत असेल तर त्यांना फरक काय पडतो?”

सुंदरबाई पदर तोंडाला लावून हसली.

दुसऱ्या दिवशी महाराज शेठच्या ओसरीवर पाटावर बसले. ओसरी चौकाकडे तोंड करून असल्यानं जागा धरायला आलेली मंडळी महाराजांचं जेवणही भक्तिभावानं पाहू लागली. गोजराबाई नेहमीप्रमाणे गाडीला खेटून बसली होती. ज्योत पेटलेली, भोंग्यावर भजन लागलेलं. सुंदरबाईनं ताटात गरम पुरी वाढली आणि ती आत गेली.

भजन मध्येच तुटलं. ज्योत विझली.

महाराजांच्या तोंडात अख्खी पुरी होती. हात सवयीनं वर गेले, ओठ हलले, पण मंत्र पुरीच्या मागं अडकला. “ये ते...” एवढं बाहेर पडलं आणि जोराचा ठसका लागला. चौक अगदी चिडीचूप. त्या शांततेत गाडीच्या पोटातून घर्र घर्र असा आवाज आला, काहीतरी खोकलं आणि एका लयीत गुरगुरू लागलं. थोडा वेळ गेला. मग ‘ठक’.

ज्योत पेटली. भजन सुरू झालं. महाराज अजून ठसकतच होते.

“जानराव!” पहिल्या रांगेतून गोजराबाई ओरडली. “हा तं आपल्या विहिरीवरच्या मोटरीचा ऑटो वाजला!”

“काय म्हनतेस, माय?”

“अरे, वावरात झोपडीत बसून अर्धी जिंदगी ऐकला म्या तो आवाज! लाईन आली का ऑटोचा डबा जरा थांबते, मंग ठक करते, मंग मोटर आपोआप चालू होऊन पानी येते. ह्यो तसाच हाय!”

“आनि महाराजानं मंत्र तं म्हनलाच नाई!” मागून कुणीतरी बोललं.

महाराजांनी घास गिळला. “मनातल्या मनात म्हटला, लेकरांनो!”

“मग आता मोठ्यानं म्हणा,” वैजयंती पुढं झाली. “वहिनी वायर लावून पुन्हा काढतील. या वेळी म्हणा, ‘तेजा, येऊ नको.’ तुमचं ऐकतं ना ते?”

महाराज हात धुवायला उठले. तेव्हा जानरावच गाडीपुढं जाऊन उभा राहिला. सुंदरबाईनं वायर लावली, जरा वेळानं उपटली. ज्योत विझली आणि जानराव बेंबीच्या देठापासून ओरडला, “तेजा, येऊ नको!”

घर्र. ठक. ज्योत लख्ख पेटली.

मग सगळा चौक हसला. जानराव मात्र हसत नव्हता. त्यानं हरीओमचा हात धरला. “उघड डिक्की.”

“मले काहून धरता गा?” हरीओम रडकुंडीला आला. “पह्यले मीच आत लपून हातानं मशीनचा दांडा फिरवत होतो. एक डाव माहा डोया लागला, मंत्र म्हनून म्हनून महाराजाचा घसा बसला. तवापासून अकोल्याच्या मिस्त्रीकडून हा डबा बसवून घेतला!”

आत जनरेटर होता आणि त्याच्या वर एक साधा डबा. वैजयंतीनं सगळ्यांना दाखवला. एक वायर लाईनची, दुसरी जनरेटरची. लाईन गेली की डबा जनरेटरला चालू करतो, त्याची वीज स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग गाडीतले दिवे त्याच्यावर टाकतो. त्या थांबण्याला पुरेल एवढाच मंत्र शिंप्यानं माप घेतल्यासारखा बेतलेला होता.

लोकांनी माना खाली घातल्या. कारण तिथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या विहिरीवर याच जातीचा डबा होता. अवेळी येणाऱ्या लाईनीसाठी त्यांनी तो स्वतः पैसे देऊन लावला होता, बिघडला तर त्याला शिव्या घातल्या होत्या. शेतात ज्याला ऑटो म्हणत, त्यालाच चौकात हात जोडून बसले होते.

कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत गाडी कुणी हलू दिली नाही. मग एकेक जण टोपलीपाशी आला आणि आपापल्या गोळ्या शोधू लागला. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. जानरावानं आईची बाटली उचलली, तर वैजयंती म्हणाली, “ती राहू द्या. उन्हात तापली आहे. घरी नवी आहे.”

दुसऱ्या दिवशी अकोल्याला डॉक्टरांनी डोळे तपासले. दाब वाढला होता. एका बाजूची थोडी नजर गेली होती, आणि ती आता परत येणार नव्हती. परतताना एसटीत जानराव खिडकीकडे तोंड करून रडला. “मीच म्हनलो होतो, चार दिवसानं काय बिघडते!”

गोजराबाईनं चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“माह्या डोयाले कमी दिसते, मले डबा दिसला नाई,” ती म्हणाली. “पन तुमाले तं चांगलं दिसत होतं ना रे? तुमी काहून नाई पाह्यला?”

त्या संध्याकाळपासून आईच्या डोळ्यांत थेंब जानराव स्वतः टाकू लागला. तुमच्या गावात उद्या असा कुणी तेजाचा मालक आला, तर हात जोडण्याआधी एकदा त्याची वायर काढून पाहा. खऱ्याला त्यानं काही होणार नाही. आणि औषधाची बाटली मात्र कुणाच्याही टोपलीत टाकू नका.