ओढ्यापलीकडची लिओना

आमच्या हेलर्सफर्डमध्ये माणसं तीनशे सहा आणि सेक्रेटरी एकच, मी, व्हर्ना क्लिंगर. बत्तीस वर्षं नियम मी वाचायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, अशी आमची गावसभा. गावाला दीडशे वर्षं होणार म्हणून पुस्तिका काढायचं ठरलं. तिच्यात नकाशा हवा म्हणून मोजणीला टेसा बोनर आली.

तिसऱ्या दिवशी ती चिखलानं भरलेल्या बुटांनिशी थेट ऑफिसात शिरली.

"व्हर्ना, तुमच्या गावाची हद्द कुठं संपते?"

"ओढ्याला. कुठल्याही शेंबड्या पोराला विचार."

"गाव वसलं तेव्हाच्या सनदेत ओढ्याचं नावसुद्धा नाही. चर्चच्या पायरीपासून पश्चिमेला किती अंतर, एवढंच लिहिलंय. पूर्वी ओढा नेमका त्या रेषेवरून वाहायचा. बहात्तरच्या पुरात तो गावाकडं सरकला आणि तुम्ही त्याच्याबरोबर हद्दही सरकवलीत! पलीकडचं रीगलांचं घर गावातच आहे."

रीगल म्हटल्याबरोबर मला लिओना आठवली.

टेकडीवरच्या दफनभूमीत फक्त गावात राहणाऱ्यांना जागा मिळते. दहा वर्षांपूर्वी लिओना रीगल गेली, तेव्हा तिचा नवरा एमेट टोपी हातात धरून सभेपुढं उभा राहिला होता. त्यांची मुलगी ज्यूडी एकोणसत्तर साली सहा वर्षांची असताना गेली, ती टेकडीवर आहे. तिच्या शेजारी आईला जागा द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. मी नियम वाचला. ओढ्यापलीकडचे ते आपले नव्हेत. नकारासाठी सभेच्या सातही सभासदांचे हात वर झाले. लिओनाला नऊ मैलांवर, हायवेच्या कडेला पुरलं. पलीकडच्यांची पोर टेकडीवर आली कशी, हे आमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही. लाज वाटते सांगताना.

त्याच दुपारी ओढा ओलांडून एमेटकडं गेले. त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा ओसरीवर शेंगा सोलत बसला होता.

"एमेट, तुमचं घर गावात आहे. पहिल्यापासून."

"हो," तो मान वर न करता म्हणाला.

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"इथंच जन्मलो मी. ओढा आमच्या कोठाराच्या मागं होता, व्हर्ना. पुढं नव्हता. सांगितलं होतं की तुला."

"कधी?"

"त्याच सभेत. तू लिहूनही घेत होतीस." त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "ते जाऊ दे. आता तिला पोरीजवळ आण. मी जायच्या आत आण."

मला 'हो' म्हणतानाही त्याच्याकडं बघवेना. परत येऊन त्या वर्षीचं सभेचं रजिस्टर काढलं. म्हातारा विसरला असेल, माझ्यासमोर तो असं काही बोललाच नसेल, अशी वेडी आशा अजून होती. पान सापडलं. अक्षर माझंच, सुबक, एक खाडाखोड नाही:

"श्री. रीगल म्हणाले की पुराआधी ओढा कोठारामागून वाहत असे, म्हणूनच मुलगी टेकडीवर आहे. मुद्दा विषयाला सोडून. पुढील विषय: अग्निशमन दलाच्या निधीसाठी बीन-सूप जेवणाची तारीख."