मंत्री खाली बसले तेव्हा

सभागृहात माणसं कशी भांडतात, हे रेडिओवरून साऱ्या देशाला ऐकू येतं. पण ती माणसं वाक्यं पुरी करत नाहीत, हे फक्त लघुलेखकांना ठाऊक असतं. आवेशात उठायचं, बोट नाचवायचं, "म्हणून मी सरकारला बजावून सांगतो की" इथवर यायचं आणि समोरून टोमणा आला की त्याच्यावर घसरायचं. मूळ वाक्य राहिलं तिथंच, वाऱ्यावर. मग त्याला घरी पोचवायचं कुणी? तर अध्यक्षांच्या पायाशी, दोन्ही बाजूंच्या मधोमध, टेबल टाकून बसलेल्या लघुलेखकांनी. याला त्यांच्यात 'शेपूट लावणं' म्हणत. नियमांच्या पुस्तकात ते कुठंच नव्हतं, पण नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जायचं ते हेच.

ताई हे काम एकतीस वर्षं करत होत्या. निवृत्तीला दोन महिने उरले होते. कार्यालयात सगळे त्यांना ताईच म्हणत, अगदी विभागप्रमुखसुद्धा, कारण शेपूट कसं लावायचं हे प्रमुखांना शिकवलं होतं ताईंनीच. कोणता सदस्य कुठं अडखळतो, कोण कुठल्या म्हणीवर येऊन आपटतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. ऊर्जामंत्र्यांचं शेपूट तर सगळ्यात सोपं. विषय धरणाचा असो की विजेच्या खांबांचा, त्यांची गाडी हटकून एकाच ठाण्यावर थांबायची: "या सभागृहाला विचारल्याशिवाय ठरणार नाही." पंधरा वर्षांत ताईंनी ते शेपूट शंभरदा तरी पदरचं लावलं असेल. मंत्र्यांनी कधी तक्रार केली नाही. छापील वृत्तान्त वाचून, आपण किती नेटकं बोलतो, असंच त्यांना वाटत असावं.

तर अणुकराराच्या चर्चेचा तिसरा दिवस होता. करार एका बलाढ्य देशाशी. ते आपल्या अणुवीज केंद्रांना इंधन देणार, यंत्रं देणार, आणि बदल्यात त्यांनी मान्य केलेले निरीक्षक येऊन आपली केंद्रं तपासणार. सरकार म्हणत होतं, घराघरात वीज येईल. विरोधक म्हणत होते, हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे, यात देशाचं सार्वभौमत्व गहाण पडेल. सकाळी हे एकजण म्हणायचा, दुपारी तेच दुसरा म्हणायचा, फक्त आवाज चढवून. ताईंना दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटत होत्या आणि दोन्हींचा वीट आला होता. सार्वभौमत्व हा शब्द तीन दिवसांत त्यांनी इतक्यांदा लिहिला होता की आता तो त्यांच्यासाठी एक तिरपी रेघ आणि दोन टिंबं एवढाच उरला होता.

घरी मात्र हा शब्द जिवंत होता. घरी दादा होते.

दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. ताईंनी लग्न केलं नाही. वहिनी गेल्या तेव्हापासून दोघं भावंडं दोन खोल्यांत एकत्र राहत होती. दादा अणुवीज केंद्रात अभियंता होते. फार वर्षांपूर्वी याच बलाढ्य देशानं असाच एक करार केला होता आणि कशावरून तरी बिनसल्यावर मध्येच इंधन बंद केलं होतं. तेव्हा दादा आणि त्यांच्या जोडीदारांनी उरल्यासुरल्या इंधनावर, अर्ध्या ताकदीनं, ते केंद्र चार वर्षं चालतं ठेवलं. त्या देशाचं नाव निघालं की दादांच्या कपाळावरची शीर उठायची. नवा करार जाहीर झाल्यापासून ते ताईंशीही तुटक बोलायला लागले होते, जणू मसुदा ताईंनीच केला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई चपला घालत होत्या, तेव्हा दादा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तुझ्या मंत्र्याला एवढंच विचार. ते लोक आले की कुठलं दार उघडायचं, हे सांगणार कोण?"

ताईंनी पिशवी उचलली. लघुलेखिकेला सभागृहात तोंड नसतं, हात असतो.

दुपारी चारच्या सुमारास मंत्री उत्तराला उभे राहिले. लघुलेखकांची पाळी पाच-पाच मिनिटांची असते. पाच मिनिटं लिहायचं, पुढच्याला जागा द्यायची आणि वर जाऊन टंकायचं. ताईंची पाळी आली तेव्हा विरोधक जागा सोडून पुढं धावले होते आणि अध्यक्षांनी माइक बंद करायला लावले होते. रेडिओवर नुसता गलका जात होता. मंत्री काय बोलत होते, ते ऐकू येत होतं फक्त दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या ताईंना. मंत्र्यांचा घसा बसला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते म्हणाले, "निरीक्षकांना कुठलं दार उघडायचं आणि कुठलं नाही, हे" आणि गर्दीकडे बघत राहिले. मग कपाळाला हात लावून खाली बसले. तेवढ्यात पुढच्या लघुलेखकानं ताईंच्या खांद्याला हात लावला. त्या उठल्या.

वर येऊन त्यांनी टंकायला घेतलं. त्या वाक्याशी आल्या आणि हात थांबला नाही. "हे या सभागृहाला विचारल्याशिवाय ठरणार नाही." पूर्णविराम. मसुदा रीतीप्रमाणे मंत्र्यांच्या कार्यालयात तपासायला गेला आणि अर्ध्या तासात 'ठीक' असा शिक्का घेऊन परत आला. तिथंही कुणी वाचला नसणार. तीन दिवसांत सगळेच दमले होते.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य प्रत्येक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होतं. काठावर बसलेल्या एका लहान पक्षाचे तीन सदस्य उठून म्हणाले, मंत्र्यांनी सभागृहाला शब्द दिला आहे, आता आमची हरकत नाही. करार दोन मतांनी मंजूर झाला.

त्या सकाळी ताई उठल्या तेव्हा चहा झालेला होता. दादांनी केला होता. कपाशेजारी वर्तमानपत्र, त्या बातमीवर घडी घातलेलं. दादा म्हणाले, "चिमे, तुझा मंत्री माणूस निघाला." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला चिमी म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलं होतं आणि तेही कित्येक आठवडे तिला काहीच म्हणत नव्हतं. त्या दिवशी दादांनी केस कापून घेतले, जुन्या जोडीदारांना फोन लावले. पलीकडच्या खोलीतून ताईंना त्यांचं हसणं ऐकू आलं.

 कार्यालयात जाऊन ताईंनी मात्र आधी आपली वही काढली. 'हे' या खुणेपुढं कागद कोरा होता. त्यांनी तीनदा पाहिलं. न पाहताही त्यांना ठाऊक होतंच. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आजवर त्यांनी लावलेली शेपटं ज्याची त्याला शोभणारी असत, हेही तसंच होतं. पण या खेपेला हात सवयीनं चालला, की सकाळी दादांनी विचारलेल्या प्रश्नानं? स्वतःशी खरं बोलायचं तर त्यांना सांगता येत नव्हतं. आणि सांगायला जावं तर दादा पुन्हा वर्तमानपत्राआड जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताई गप्प राहिल्या. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस.

बाराव्या दिवशी प्रमुखांनी बोलावलं. खोलीत मंत्र्यांचे सचिव बसले होते, कडक इस्त्रीचे आणि मऊ बोलणारे. त्यांनी सांगितलं ते असं. त्या देशाचं पत्र आलं होतं. करारात नसलेली अट तुमच्या मंत्र्यांनी सभागृहात कशी घातली, अशी विचारणा होती. मंत्रीसाहेबांनाही दहा दिवस वाटत होतं की आपण तसं बोललो, त्यांनी त्यावर दोन मुलाखतीही दिल्या. पत्र आल्यावर मात्र त्यांना आठवलं की आपण तसं बोललोच नव्हतो. सचिवांनी एक टंकलेला कागद पुढं सरकवला. गोंगाटामुळे लघुलेखिकेच्या ऐकण्यात चूक झाली, असं त्यावर होतं. खाली सहीला जागा.

ताईंनी कागद वाचला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना राग आला. एकतीस वर्षांत त्यांच्या कानानं एकदाही दगा दिला नव्हता.

"ऐकण्यात चूक झालेली नाही," त्या म्हणाल्या. "मंत्री अर्धंच बोलले. उरलेलं मी लावलं. तसं लिहा, मी सही करते."

सचिवांनी प्रमुखांकडे पाहिलं. बोलले ते प्रमुख, आणि तेही खाली बघत. "ताई, तसं लिहिलं तर एकतीस वर्षांचे वृत्तान्त उघडावे लागतील. तुमचेच नाहीत, माझेही. सगळ्यांचेच. कोण काय बोललं होतं आणि आपण काय लावलं होतं, हे कुणाला सांगता येणार आहे?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढाच त्याचा अर्थ. ताईंनी प्रमुखांकडे पाहिलं. ही विद्या त्याला आपणच दिली. हा बिचारा आपल्याच शिकवणीचा हिशेब मागतोय, आणि तो चुकीचाही बोलत नाही. भांडायला अंगात जोर हवा, तो कुठून आणायचा? त्यांनी सही केली. चूक खरी होती आणि तिचं कारण खोटं होतं. सचिव आभार मानून गेले.

संध्याकाळी ताई जिना चढत होत्या तेव्हाच रेडिओ ऐकू आला. मंत्र्यांचं ते वाक्य काढून टाकल्याचं शुद्धिपत्र निघालं होतं. विरोधी नेता म्हणत होता की निवृत्तीच्या उंबऱ्यावर असलेल्या एका गरीब कर्मचारी महिलेचा हात पिरगळून सही घेतली गेली. ताईंना हसू आलं नाही, एवढं मात्र वाटलं की आता आपल्यालाही कुणीतरी शेपूट लावलं.

दार उघडंच होतं. आता बोलणी बसणार, या तयारीनं त्या आत गेल्या. दादांनी रेडिओ बंद केला, उठून पाणी आणलं आणि त्यांच्या शेजारी बसले. आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझा कान चुकत नसतो, मला ठाऊक आहे. तो बोलला होता. त्यांनी तुला वाकवलं. मलाही वाकवलं होतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या वर्षी इंधन तोडलं तेव्हा वरून एक कागद आला होता. केंद्र दुरुस्तीसाठी मंद चालवतो आहोत, असं लिहून द्या. इंधन नाही, असं म्हणायचं नाही, देशाची नाचक्की होते. दादांनी लिहून दिलं होतं. "तुझ्या वहिनीलासुद्धा कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "वाटायचं, आपणच एकटे नेभळट. आज तुझं ऐकलं आणि वाटलं, नाही, होतं असं माणसाकडून."

 ताईंना इथंच थांबता आलं असतं. दादांचा हात अजून डोक्यावर होता, त्याचं ओझं बरं वाटत होतं आणि उरलेलं आयुष्य अशा दोन खोल्यांत मजेत गेलं असतं. पण दादांनी आयुष्यभर झाकलेली गोष्ट उघडी करून पुढ्यात ठेवली होती. तिच्यावर आपण खोटं ठेवायचं, हे ताईंच्यानं होईना. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडलं.

दादांनी चष्मा लावून पाहिलं. "यातलं मला काय कळणार? नुसत्या रेघा."

"मी वाचते."

त्यांनी रेघांवर बोट ठेवलं आणि कार्यालयात वाचून दाखवायच्या सपाट आवाजात वाचलं. "निरीक्षकांना कुठलं दार उघडायचं आणि कुठलं नाही, हे."

दादा वाट पाहत राहिले. "पुढं?"

"पुढं काही नाही. इथं ते खाली बसले."

"मग ते सभागृहाला विचारल्याशिवाय..."

"ते मी लावलं, दादा. सवय आहे आम्हाला. मला कुणी वाकवलं नाही. कागदावर कारण खोटं आहे, पण ते वाक्य त्यांचं नाही, हे खरं आहे."

आता ते चिडतील, असं ताईंना वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. दादांनी वही हातात घेतली आणि त्या रेघा जिथं संपत होत्या तिथं, कोऱ्या कागदावर, अंगठा फिरवला.

"म्हणजे ते कुणीच म्हणालं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी वही मिटून बहिणीच्या हातात परत दिली आणि चष्मा काढला.

"अकरा रात्री मी शांत झोपलो गं, चिमे," दादा म्हणाले.